घर क्रमांक एकशे सत्त्याऐंशीची हरकत

पूर ओसरून सोळा दिवस झाले, तेव्हा शिरबंदर शहरातल्या चारशे बारा घरांनी तहसील कार्यालयात लेखी हरकत दाखल केली, की चक्रीवादळांचा हंगाम संपेपर्यंत माणसांना शहरात परत आणू नये.

हरकत एका पानाची होती. खाली सह्या नव्हत्या, घरांचे क्रमांक होते, आणि प्रत्येक क्रमांकापुढे ओल्या चुन्याचा एक ठिपका. आवक-जावकच्या कारकुनाने कागद घेतला आणि शिक्का मारला, कारण कागदात चूक काही नव्हती. नायब तहसीलदार प्रफुल्ल गजभिये यांनी पुनर्वसनाचं परिपत्रक काढून पाहिलं. त्यात लिहिलं होतं, 'बाधित व्यक्ती अथवा स्थावर मालमत्ता यांची हरकत आल्यास सुनावणी घेतल्याखेरीज पुढील आदेश काढू नये.' 'अथवा स्थावर मालमत्ता' हे शब्द कोणी आणि कशासाठी घातले हे कोणालाच सांगता आलं नाही, पण ते होते. गजभिये भंडाऱ्याकडचे, समुद्र पाहून त्यांना जेमतेम दोन वर्षं झाली होती. लिहिलेलं असून न वाचल्यासारखं करायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी परतीचा आदेश थांबवला.

शिरबंदरची माणसं तेव्हा सड्यावरच्या माध्यमिक शाळेत राहत होती. शहर खाली खाडीच्या काठाला, शाळा वर कातळावर, मधे घाटीची तीन वळणं. शशिकला कुबलला आठवी 'ब'च्या वर्गात फळ्याखालची जागा मिळाली होती. तिचं वय बावन्न. बाजारपेठेच्या मागच्या आळीत तिचं घर होतं आणि घराला लागून पिठाची गिरण. गिरण ती आणि तिचा नवरा अनंत, दोघं मिळून चालवायची. पुराच्या दिवशी दुपारी होडी दारात आली, तेव्हा अनंत म्हणाला, "तू हो पुढे. मी मोटर वर चढवतो नि मागून येतो." ती पुढे झाली. दुसऱ्या होडीतून तो आला नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी पाणी उतरल्यावर तो गिरणीच्या खोलीत सापडला.

शशिकलाला परत जायचं होतं. कोणी कारण विचारलं तर ती सांगायची, "दिवाळी आली तोंडावर. लोकांना भाजणी दळून नको?" पण मनातलं कारण वेगळं होतं. ह्यांनी शेवटचा वेळ ज्या खोलीत काढला, तिथे आपण नंतर पाच मिनिटंसुद्धा बसलो नाही, हे तिला जेवताना, कपडे पिळताना, पाण्याच्या रांगेत उभं असताना सारखं टोचत राही.

हरकतीची बातमी आली त्या संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. बाजारात भांड्यांचं दुकान असलेले भालचंद्र पारकर सगळ्यांत आधी उठले.

"घरं आम्ही बांधली की घरांनी आम्हाला बांधलं?" ते गजभियेंना म्हणाले. "आज घरांची सुनावणी घेताय. उद्या माझ्या दुकानातल्या पराती येतील, म्हणतील आमचंही ऐका."

"जंगम मालमत्तेची हरकत अद्याप आलेली नाही," गजभिये म्हणाले. "आल्यास पाहू."

"आणि आम्ही तसंच गेलो तर?"

"जाऊन पाहा. मी अडवणार नाही."

दुसऱ्या दिवशी पंधरावीस जण खाली जाऊन आले. कुलपं निघाली, कड्या निघाल्या, दारं मात्र तसूभर हलली नाहीत. एकाने खिडकीचे गज कापायला घेतले, तेव्हा घराने छपरावरची दोन कौलं त्याच्या पायाशी, अगदी अंतर राखून, टाकली. त्याने करवत पिशवीत घातली आणि तो परत आला.

सुनावण्या जागेवर व्हायच्या होत्या. घरांना कार्यालयात बोलावणं गैरसोयीचं होईल असं गजभियेंचं मत पडलं. रोज दहा-बारा घरं उरकत. शशिकलाच्या घराची पाळी चौदा ऑक्टोबरला सकाळी अकरा वाजता आली. आळीत चिखल सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. गजभियेंनी घडीचं टेबल तुळशीशेजारी मांडलं, कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यावर चिऱ्याचा तुकडा ठेवला आणि लेखणीचं टोपण काढलं.

"नाव?"

"घर क्रमांक एकशे सत्त्याऐंशी, मागची आळी." आवाज ओटीच्या वाशांतून आला. खालचा, थोडा ओलसर आवाज. जे लिहून देऊ शकतं ते बोलूही शकणार, म्हणून कोणी दचकलं नाही. शशिकलाला एवढंच वाटलं की हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. पावसाळ्यात दारं लोटताना तो तिने कितीदा तरी ऐकला होता.

"वय?"

"चव्वेचाळीस. गिरणीची खोली मात्र नंतरची."

"व्यवसाय?"

"घर," ते म्हणालं, आणि गजभियेंनी तसं लिहिलं.

"हरकतीचं कारण थोडक्यात सांगा."

"पूर्वेच्या भिंतीत पाणी मुरलंय. पायाखालची माती दोन ठिकाणी वाहून गेली. कौलं गेली ती दिसतातच. खाडीत समुद्राचं पाणी चढलं आणि वरून वारा सुटला, तर मी अर्धा तास उभं राहीन. पाऊण तास राहीन असं मी कबूल करणार नाही."

"जाबदार श्रीमती शशिकला कुबल, आपलं म्हणणं?"

शशिकलाने पदर खोचला. बोलायची तयारी करून आली होती, तरी घराकडे बघून बोलायचं की साहेबांकडे, ते तिला ठरवता येईना. शेवटी ती घराकडे बघून बोलली.

"दर वर्षी काय वादळ येत नाही," ती म्हणाली. "एकोणतीस वर्षं झाली मला इथे येऊन. चार वादळं पाहिली. चारी वेळा तुझ्यातच होते मी."

"तेव्हा माझा पाया धड होता, वहिनी."

वहिनी म्हटल्यावर तिचा राग निम्मा झाला. सासऱ्यांनी हे घर बांधलं तेव्हा अनंत बारा वर्षांचा होता. म्हणजे घर त्याच्या पाठचंच.

"वर शाळेत काय हाल आहेत ते बघ येऊन," थोड्या वेळाने ती म्हणाली. "एका वर्गात नऊ कुटुंबं. मला माझ्या चुलीशी बसायचंय. भिंत पडली तर पडली. मी काय आता मागे ठेवून जाणार आहे?"

"म्हणूनच नको म्हणतोय ना," घर म्हणालं आणि लगेच सुधारलं, "म्हणतंय." मग ते गजभियेंना म्हणालं, "साहेब, पुढचं नोंदवलं तरी चालेल. दादाने मोटर माळ्यावर चढवली. त्याला पाऊण तास लागला. तेवढ्यात गिरणीच्या खोलीचं दार फुगलं. त्याने खांदा लावला, मग पहार घातली. मीही माझ्या बाजूने ओढलं. जेवढं ओढता येतं तेवढं ओढलं. मला उघडता आलं नाही. मी एकाला आत ठेवून बसलं. हंगाम जाईपर्यंत मी दुसऱ्या कोणाला आत घेणार नाही."

गजभियेंची लेखणी थांबली होती. शशिकला तुळशीच्या कट्ट्यावर बसली. तीन आठवडे ती रोज त्या बंद खोलीत अनंतला नाना तऱ्हांनी पाहत होती, पण खांदा लावताना तिने त्याला पाहिलं नव्हतं.

"काही बोलले का?" तिने विचारलं.

"ते हरकतीत येत नाही," घर म्हणालं.

गजभियेंनी लेखणीला टोपण लावलं आणि तोंड खाडीकडे फिरवलं. "पाच मिनिटं कामकाज तहकूब," ते म्हणाले.

"तुम्हाला हाका नाही मारल्या," घर सावकाश सांगू लागलं. "तुम्ही पोचलात हे त्याला माहीत होतं. पाणी कमरेला आल्यावर त्याने लोकांचे दळणाचे डबे एकेक करून माळ्यावर दिले ढकलून. नावं वाचत होता. हमीदाबी मुकादम, तांदूळ. कांता रहाटे, नाचणी. शेवटचा डबा वर गेल्यावर माळ्यावर त्याला स्वतःला जागा उरली नव्हती. तेव्हा म्हणाला, 'शशी, लोकांचं धान्य कोरडं आहे गं.' नंतर नाही काही बोलला."

शशिकला रडली. मोठ्याने नाही. आळीतली बाकीची घरं शेजारीच होती, पण त्यांतलं एकही मधे बोललं नाही.

डोळे पुसून ती म्हणाली, "डबे वरच आहेत?"

"सतरा आहेत."

"मग ते लोकांना द्यायला हवेत."

"राहायला नाही ना?"

"डबे उतरवायला."

घराने साहेबांकडून खात्री करून घेतली, की त्यामुळे हरकत मागे घेतली असा अर्थ निघणार नाही. गजभियेंनी कागदाच्या समासात लिहिलं, 'जाबदारास पंधरा मिनिटं प्रवेश, डबे उतरवण्यापुरता.' गिरणीच्या खोलीचं दार करकरलं, अडलं, पुन्हा करकरलं आणि उघडलं. आत गाळाचा वास होता. भिंतीवर पाण्याची रेघ तिच्या डोक्याच्या वर हातभर. डबे उतरवायला आठ मिनिटं लागली. राहिलेली सात ती जमिनीवर, दाराला पाठ लावून बसली. कोणी तिला वेळ झाल्याचं सांगितलं नाही, ती आपणहून उठली.

बाहेर आल्यावर ती निघायची तयारी करायला लागली आणि मधेच थांबली.

"वादळ आलं म्हणजे मी शाळेत," ती घराला म्हणाली. "आणि तू?"

"मी इथे."

"अर्ध्या तासानंतर?"

घर मग म्हणालं, "मला हे कोणी विचारलेलं नाही, वहिनी."

शशिकला गजभियेंकडे वळली. "साहेब, हरकत घ्यायला घर बाधित आहे म्हणता. मग छावणीत न्यायला का नाही?"

गजभियेंनी परिपत्रक पुन्हा उघडलं. एकदा वाचलं, मग बोटाने ओळ धरून वाचलं. 'इशारा मिळताच बाधितांना सुरक्षित स्थळी हलवावे.' बाधित म्हणजे कोण ते मागच्याच पानावर दिलेलं होतं.

"अर्ज द्या," ते म्हणाले. "दोन प्रतींत. अर्जदार घर. शिफारस तुमची."

त्या अर्जावर पुढल्या चार दिवसांत तीनशे अठ्ठ्याण्णव घरांनी चुन्याचे ठिपके दिले. डबे शशिकलाने छावणीत ज्याचे त्याला नेऊन दिले. हमीदाबी मुकादम डबा मांडीवर घेऊन बसून राहिल्या, झाकण त्यांनी उघडलं नाही. म्हणाल्या, "इतक्या पाण्यात माझं नाव वाचलं त्यांनी?" शशिकलाने मान हलवली.

पारकरांनी मात्र आपल्या घराला हरकत मागे घ्यायला लावली होती. दोन दिवस ते त्याच्या पायरीवर बसून बोलत होते. आधी दमात घेतलं, मग विनवलं, मग बाप गेल्याची आणि मुलीच्या लग्नाची आठवण काढली. तिसऱ्या दिवशी दार उघडलं. पारकर आणि त्यांच्या पत्नी मंगलवहिनी सामानासकट आत गेले. गजभियेंनी त्यांच्या नावापुढे 'परत गेले' असं लिहिलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं.

सत्तावीस ऑक्टोबरचा इशारा दोन दिवस आधी आला. वादळाला नाव दिलेलं होतं, शिरबंदरात ते कोणी घेतलं नाही. सव्वीस तारखेला सकाळी सात वाजता घरं निघाली.

गजभियेंनी क्रम लावून दिला होता. खाडीजवळची आधी, मग बाजारपेठ, मग आळ्या. घाटी अरुंद असल्यामुळे एका वेळी एकच घर, आणि दोन घरांत वीस पावलांचं अंतर. दुमजली घरांना दुसरं वळण जमेना, म्हणून ती जुन्या बैलवाटेने गेली. प्रत्येक घरासोबत त्याची माणसं चालत होती. कोणी पुढे होऊन फांद्या धरत होतं, कोणी मागून ओरडत होतं, "डावीकडे घे, डावीकडे, विजेचा खांब आहे!" घरं हळू चालत होती आणि चालताना त्यांची भांडी आतल्या आत वाजत होती.

एकशे सत्त्याऐंशी क्रमांक साडेअकराला निघालं. शशिकला ओटीच्या खांबाला हात लावून त्याच्या बाजूने चालत होती. पूर्वेची भिंत दर पावलाला थोडी झुकायची. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर घर थांबलं.

"गिरणीची खोली ओढली जात नाही," ते म्हणालं. "नंतर जोडलेली आहे, पाया वेगळा. मोटरचं वजन आहे. ती धरून चढलं तर भिंत जाईल."

मागे वीस पावलांवर रहाट्यांचं घर येऊन थांबलं. त्याच्यामागे आणखी. पावसाचे थेंब आडवे यायला लागले होते.

शशिकला वळसा घालून खोलीकडे गेली. दार उघडंच होतं. माळ्यावर मोटर दिसत होती, कोरडी, पट्ट्यासकट, अनंतने बांधलेल्या दोरीत. ती उतरवून घाटीने वर वाहून न्यायला चार गडी आणि दोन तास लागले असते. तिने मागच्या रांगेकडे पाहिलं. कांता रहाटे आपल्या घराच्या कोपऱ्याला खांदा लावून उभी होती.

शशिकलाने आत जाऊन दोरीच्या गाठीवरून हात फिरवला. मग बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं. पूर्ण नाही, एक फट ठेवून.

"सोड," ती म्हणाली.

"वहिनी, दादाने त्याच्यासाठीच..."

"मला माहीत आहे कशासाठी. मागे किती जणं खोळंबलीत बघ. सोड."

चिरे सुटल्याचा आवाज झाला. खोली रस्त्याच्या कडेला, दरीच्या अंगाला बसली, आणि घर तिसऱ्या वळणाकडे निघालं. ते आता हलकं चालत होतं. शशिकलाने मागे वळून पाहिलं नाही. तिला फक्त घराच्या उघड्या पडलेल्या बाजूने आतलं स्वयंपाकघर दिसत राहिलं, आणि त्यात तिचंच पोळपाट-लाटणं.

सत्तावीसला दुपारपर्यंत तीनशे अठ्ठ्याण्णव घरं शाळेच्या मागच्या टेकडीच्या आडोशाला, कातळावर, खांद्याला खांदा लावून उभी राहिली. माणसं वर्गांत. घरांनी दारं उघडली नाहीत, कारण हरकत कायम होती. ओळीबाहेर राहिलेल्या चौदांपैकी तेरा घरं रिकामी होती आणि आपण इथेच बरे असं त्यांनी लेखी दिलं होतं. उरलं पारकरांचं.

चार वाजता वाऱ्याने शाळेच्या घंटेचा लोलक तोडला. साडेचारला घाटीच्या तोंडाशी पारकरांचं घर दिसलं. एकटंच येत होतं, वाकून, छपराचं एक पाखं गेलेलं. शशिकला आणि चार-पाच जण धावले आणि त्याला धरून आडोशाला आणलं. दार उघडलं तर मंगलवहिनी देवघराला मिठी मारून बसल्या होत्या आणि पारकर खुर्चीत, हात बांधून, लालबुंद.

"मला न विचारता निघालं!" ते गजभियेंना म्हणाले. "मी घर सोडलेलं नाही, हे लिहा. मी घरातच आहे."

"नोंद घेतो," गजभिये म्हणाले, आणि घेतली.

मंगलवहिनींनी शशिकलाचा हात धरला. "पाणी ओट्यावर आलं तेव्हा म्हणालं, 'आता माझं ऐका,'" त्या म्हणाल्या. त्यांचे दात वाजत होते.

वादळ सहा तास चाललं. आठवी 'ब'च्या खिडकीबाहेर एकशे सत्त्याऐंशी क्रमांक उभं होतं. शशिकलाने खिडकीची झडप थोडी उघडून हात बाहेर काढला, तो भिंतीला पोचला. भिंत थरथरत होती. अर्धा तास झाला, पाऊण झाला, एक झाला. ती दर थोड्या वेळाने "आहेस ना?" म्हणायची आणि घर "आहे" म्हणायचं. पुढे दोघांनी बोलणं सोडलं. हात तिने तसाच ठेवला.

सकाळी सगळी माणसं सड्याच्या टोकावर जाऊन उभी राहिली. खाली शिरबंदर नव्हतं. पाण्यातून चौथरे दिसत होते, ओळीने, आणि तुळशीकट्टे. मागे राहिलेल्या तेरा घरांपैकी दोन शिल्लक होती. घाटीत दुसऱ्या वळणाची कडा तुटून खाडीत गेली होती. पारकर बराच वेळ आपल्या चौथऱ्याकडे बघत राहिले आणि मग घराकडे जाऊन त्याच्या पायरीवर, दाराकडे पाठ करून, बसले. त्यांनी त्याला काय सांगितलं ते कोणी ऐकलं नाही.

दिवाळी सड्यावर झाली. घरांच्या बाहेर पणत्या लावल्या, आत कोणी गेलं नाही. पंधरा डिसेंबरला हंगाम संपला आणि सोळा तारखेला सकाळी तीनशे नव्याण्णव दारं उघडली. गजभिये नवा फॉर्म घेऊन घरोघर फिरले. माणसांचा एक रकाना, घराचा एक. दोन्ही जुळल्याशिवाय परतीचा आदेश निघणार नव्हता.

"खाली जायचं?" घराने शशिकलाला विचारलं. ती तेव्हा चूल सारवत होती. गिरणीच्या बाजूला तिने गोणपाटाचा पडदा लावला होता आणि तो वाऱ्याने फुगत होता.

"तुला काय वाटतं?"

"पाया बरा आहे आता. चालून मोकळा झाला. पण पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल."

"पुन्हा म्हणजे दर वर्षी."

"दर वर्षी."

शशिकलाने हात धुतले. वर पाणी लांबून आणावं लागायचं, बाजार नव्हता, खाडीचा वारा नव्हता. खाली चौथरा होता. गिरण पुन्हा घालायची तर ती खालीच घालायला हवी, लोक खालीच येणार. "जाऊ," ती म्हणाली. "खोली मात्र या वेळी तुझ्याच पायावर बांधू."

गजभियेंनी दोन्ही रकाने भरले. शेऱ्यात लिहिलं, 'हंगामी वास्तव्य, उभयपक्षी मान्य.' त्यांच्याकडे तसे आणखी तीनशे चाळीस झाले, तेव्हा त्यांनी तोच शेरा रबरी शिक्क्यावर कोरून घेतला.

अठरा तारखेला परतीची रांग लागली. घाटीचा तुटलेला भाग मातीचा भराव घालून नीट केला होता. शशिकला ओटीच्या खांबाला हात लावून चालायला लागली, तेव्हा घर थबकलं.

"आत बसा ना, वहिनी," ते म्हणालं. "पायी कशाला?"

ती पायरी चढून उंबऱ्याशी बसली. मांडीवर सूप घेतलं आणि तांदूळ निवडायला लागली. घर उतरणीला लागलं. पुढे पारकरांचं घर, त्याच्यापुढे पारकर स्वतः, वाट दाखवत, हातवारे करत. खाडीचं पाणी उजेडात पसरलं होतं. दुसऱ्या वळणावर, भरावाच्या मऊ मातीत, घराचा एक कोपरा रुतून धक्का बसला. तिने सूप सावरलं, घर बाहेर निघेपर्यंत थांबली, आणि पुढचे तांदूळ निवडायला घेतले.